निजलेली गल्ली

आमच्या गल्लीत दुपारी एकही तान्हं मूल रडत नसे. आज हे सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक होतं! रविवारी दाराशी बसलं की समोरच्या वीसेक खोल्यांची ओळ उन्हात पडलेली दिसे. पत्रे तापलेले, दारं अर्धी लोटलेली, आणि कुठल्याही दारातून आत बघावं तर वाशाला लुगड्याची झोळी. झोळ्या हलत नसत. पलीकडे यंत्रमागांची खटखट चाललेली असायची, इतकी अखंड की ती ऐकू येणंच बंद झालेलं. रंगाच्या कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी एक दिवस जांभळं असे, एक दिवस हिरवं. त्या दोन वर्षांतलं सगळंच मला असं पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. माणसं सावकाश चालतात, बोलतात ते ऐकू येतं, पण जरा उशिरानं.

एकोणीसशे सत्तरच्या सुरुवातीची ही गोष्ट. सुरतेत, गोडादऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यालगत आमची गल्ली होती. वस्ती बहुतेक खानदेशातून आलेल्या माग कामगारांची. पुरुष मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करायचे, बायका घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. मी मूळची सातारकडची. मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि शाळेजवळ स्वस्तात खोली मिळाली म्हणून इथं येऊन पडले. नवऱ्याची सरकारी नोकरी, महिन्यातले वीस दिवस फिरतीची. गल्लीतली अहिराणी मला सुरुवातीला निम्मी कळायची नाही. त्यांना माझं बोलणं कळायचं, पण ते ऐकून त्या पदराआड हसायच्या. तापटपणा तर माझा जन्माचा. मी रागावले की माझी मराठी फारच शुद्ध होते असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. अकरा ते पाच मी शाळेत, आणि तेवढा वेळ ती शेजारच्या जिजीकडे. जिजी म्हणजे पन्नाशीची, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी विधवा बाई. हो, विधवा असून लावायची. कुणी विचारलं तर म्हणायची, ते माझं आणि कानबाईचं आहे, तुला काय करायचंय? माझ्या मुलीला ती अशी काही कवटाळून घ्यायची की मला कधी कधी हेवा वाटायचा. रविवारीसुद्धा सकाळी न्हाऊमाखू घालायला घेऊन जायची. संध्याकाळी घ्यायला जावं तर पोर झोळीत शांत. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर दुधाचा एक थेंब. शाळेतल्या बायका आपापल्या मुलांच्या तक्रारी सांगत, तेव्हा मी तोऱ्यात म्हणायची, आमची बाई गुणाची गं, आवाज म्हणून नाही तिचा.

जिजीच्या जिवाला घोर होता तो तिच्या मुलाचा. एकुलता एक, विशीतला, कामाला चांगला. दोन माग एकटा सांभाळायचा. गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं खातं होतं. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. त्या खात्याला पुढं लांबरुंद ओटा होता, आणि त्या ओट्यावर एक म्हातारा पत्र्याची पेटी घेऊन बसायचा. सगळे त्याला काका म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, गोड बोलणं, प्रत्येक बाईला ‘बेन’. पेटीत गांजाच्या पुड्या. पाळी सुटली की पोरं ओट्यावर जमायची आणि चिलीम फिरायची. जिजीचा मुलगाही त्यांतच. आधी पाळी झाल्यावर बसायचा, मग पाळी बुडवून बसायला लागला.

नुसते बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण नळावर जाणाऱ्या पोरींवर शेरे, दोरीवरची लुगडी गायब, पितळी हंडे गायब. एकदा तर एका बाळंतिणीच्या दारातून शेगडीवरचं पातेलं उचलून नेलं, आत वरण शिजत होतं! मी तणतणत अर्ज लिहिला. गुजरातीत, चांगल्या अक्षरात, खाली सगळ्या बायकांचे अंगठे. चौकीवरून दोघं आले, ओटा बघितला, चहा प्यायले. पुढं काहीच झालं नाही. मी दुसरा अर्ज लिहायला बसले तेव्हा जिजी म्हणाली, “बाई, कागद ऱ्हाऊ दे. कानबाई बसाडूत.”

कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला डोळे, नथ, लुगडं लेववून तिला घरात बसवतात. रात्रभर जागतात आणि सोमवारी सकाळी पोहोचवतात. ती बसते घरात, आपल्या कुळाच्या उंबऱ्याच्या आत. रस्त्यावरच्या ओट्यावर तिला बसवायचं म्हणजे अब्रह्मण्यम्! म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. जिजी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “मन्ही कानबाई शे. मी जठे बसाडसू, तठे ती बसी.” माझी कानबाई आहे, मी बसवीन तिथं ती बसेल. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, “तिन्हा म्होरे मन्हा पोऱ्या चिलीम नही धरावं.” तिच्यापुढं माझा मुलगा चिलीम धरणार नाही. सगळी उठाठेव कशासाठी होती ते मला तेव्हाच कळलं.

तो रविवार मला स्वप्नातल्यासारखा दिसतो. सकाळी सकाळी बायकांनी ओटा पाण्यानं धुतला, शेणानं सारवला. केळीचे खांब आणले. ओट्यावर कालच्या चिलमींची राख होती, ती माझ्याच हातांनी मी सुपात भरली. दुपारच्या ऊनपावसात जिजीच्या कानबाईची मिरवणूक गल्लीतून निघाली. पुढं डफ, मागं बायका, आणि पावलं इतकी सावकाश की गल्ली एवढीशी असून संपेचना. पोरं ओट्यावरून उठून भिंतीशी उभी राहिली. काकानं पेटी काखेत मारली आणि डोकं झुकवून हात जोडले. देवीला, की आम्हां बायकांना, कोण जाणे. जिजीचा मुलगा सगळ्यांत शेवटी पुढं आला. त्यानं नारळावर हात ठेवला आणि आईकडे न बघता म्हणाला, “आते नही.” आता नाही. जिजी मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

सोमवारी कानबाई गेली, पण ओटा आम्ही सोडला नाही. बायका कांड्या भरायचं काम तिथंच घेऊन बसू लागल्या. रोज पाच-सहा जणी, पाळीपाळीनं. ओट्यावर बायका बसल्यावर पुरुषांनी तिथं टेकायचं कसं? काका रेल्वेच्या रुळांपलीकडे कुठंतरी गेला असं कळलं. जिजीचा मुलगा वेळेवर पाळीला जाऊ लागला. मी शाळेत सांगत सुटले. पोलिसांना जमलं नाही ते आम्ही केलं! माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि बुधवारी गल्लीतली पोरं रडायला लागली.

आधी एका खोलीतून आवाज आला, मग दुसऱ्या. गुरुवारी मी शाळेतून आले तर कोपऱ्यावरच ऐकू आलं. तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. भुकेचं नाही, हट्टाचं नाही, किंचाळल्यासारखं, उंच आणि एकसुरी. मागांचा आवाज त्यात बुडाला. प्रत्येक दारात मीठमोहऱ्या ओवाळणं चाललेलं. कानबाई रस्त्यावर बसवली म्हणून कोपली, असं म्हाताऱ्या बायका उघड म्हणू लागल्या. माझी गुणाची बाई जिजीच्या खांद्यावर धनुष्यासारखी ताठ होत होती. नाक वाहत होतं, शिंका थांबत नव्हत्या, जुलाबांनी लंगोट भिजून गेलेले. 

शुक्रवारी शाळेला दांडी मारून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, सुरतेतच हाडं झिजवलेले. त्यांनी तिच्या पापण्या वर करून बघितल्या, माझ्या हातातली शाळेची पिशवी बघितली, आणि शांतपणे विचारलं, “मुलीला अफू कोण देतं?”

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, घरी जा, जी सांभाळते तिला विचारा. आणि एकदम बंद झाली असेल तर ते वाईट. पोर हातची जाईल. रोज थोडी थोडी कमी करत न्या, महिनाभरात सुटेल. गोळी आणायची कुठून ते मात्र मला विचारू नका.

जिजीच्या दारात मी कशी पोचले आठवत नाही. ती झोळीशी बसून रिकामी डबी नखानं खरवडत होती. मी विचारलं आणि तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. लाज नाही, भीती नाही. “देस ना. बठ्ठ्याच देतस. तू शाळामा जास, आम्ही कांड्या भरतस, पोर दिनभर कशी ऱ्हाई?” देते ना, सगळ्याच देतात. मोहरीएवढी, दुधात कालवून, सकाळी एकदा. तिच्या आईनं तिला दिली होती, तिनं आपल्या मुलाला. गांजा ही नशा, हे तर पोरांचं औषध! ते मिळायचं काकाच्याच पेटीत, खालच्या कप्प्यात. त्याला हाकलताना त्या डबीचा विचार एकीच्याही मनात आला नव्हता. जी ती समजत होती, आपल्या घरात आहे तेवढी तर पुरेल.

मी जिजीला खुनी म्हणाले. हो, म्हणाले. अगदी शुद्ध मराठीत. ती माझ्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. आणि मुलगी माझ्याकडे यायला तयार नव्हती, तिलाच चिकटत होती. त्याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

पण रागानं मुलीचं रडणं थांबत नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी रूळ ओलांडून गेले. पलीकडे बाभळी होत्या, मोडक्या गाड्यांचे सांगाडे होते, आणि एका पडवीत काका बसला होता, तसाच पांढराशुभ्र. धुराचा गोडसर वास. सगळं इतकं संथ होतं की माझ्या चपलांचा आवाज मलाच उद्धट वाटला. मला बघून काका उठला. “आवो बेन, बेसो.” मी बसले नाही. काय हवं ते सांगितलं. गल्लीत अकरा पोरं आहेत, सगळ्यांपुरती द्या.  आठवड्यापूर्वी ह्याच माणसाच्या चिलमींची राख मी सुपात भरून नाल्यात टाकली होती. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदात एक काळा खडा बांधून दिला आणि पैसे पुढं केले तर मान हलवली. “छोकरांओनुं छे.” पोरांचं आहे.

परत वळले तेव्हा पडवीच्या खांबाशी जिजीचा मुलगा बसलेला दिसला. पाळीच्या वेळेला. नारळावर हात ठेवून सहा दिवससुद्धा झाले नव्हते. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर एक शांत, दूरचं हसू. माझी मुलगी झोळीत जशी दिसायची, तसाच.  तो म्हणाला, “बाई, जिजीले नका सांगू.” माझ्या मुठीत ती पुडी. मी काय तोंडानं त्याला रागावणार होते?

मी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. पुडी ओट्यावर ठेवली तेव्हा जिजीनं एवढंच विचारलं, “तठेच व्हता ना?” तिथंच होता ना?  तिनं पदर कंबरेला खोचला आणि खडा कापायला पातं मागवलं.

मग महिनाभर रोज सकाळी नऊ वाजता आमच्या ओट्यावर जे चालायचं, ते बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर आम्हांला बेड्याच पडल्या असत्या. ज्या ओट्यावरून अफू-गांजा घालवला, त्याच ओट्यावर अफूचं वाटप, आणि वाटणारी कोण, तर मी, शाळेतली बाई! बायका पोरं घेऊन ओळीनं बसत. कापायचं काम जिजीचं, कारण तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. पहिले चार दिवस मोहरीएवढी. मग अर्धी. मग त्याची अर्धी. मी पाटीवर खडूनं कुणाला किती ते लिहायची आणि डॉक्टरांना दाखवून यायची. ते पाटी बघायचे, मान हलवायचे, वर बघायचे नाहीत. दुपारी कांड्या बाजूला ठेवून चार-चार जणी पोरांना फिरवायच्या. एक मूल दोन दिवस काही खाईना, तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. मग ते एकाएकी प्यायला लागलं आणि त्याची आई पाटीच्या पाया पडली. जिजीशी मी त्या दिवसांत कामापुरतंच बोलायची. पण हळूहळू रोज सकाळी तिच्या बोटांकडे बघता बघता माझा राग कुठं विरघळला कळलंच नाही.

गल्ली बदलली. दुपारी आता कुठं ना कुठं कुणीतरी रडायचं, हसायचं, पातेलं आपटायचं. झोळ्या हलायला लागल्या. माझी मुलगी रांगायला लागली आणि एके दिवशी दारातून थेट ओट्यापर्यंत आली. तिचे डोळे इतके मोठे आहेत हे मला नवव्या महिन्यात कळलं. मी हसत होते आणि रडत होते.

जिजीचा मुलगा आला नाही. सुरुवातीला दोन-चार दिवसांनी घरी जेवायला यायचा, मग तेही बंद झालं. जिजी तीनदा रुळांपलीकडे जाऊन आली. एकदा तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि तिथून परत गेला. ती तिकडून आली की हातपाय धुऊन सरळ ओट्यावर बसायची आणि मिळेल ते मूल मांडीवर घ्यायची.

शेवटचा दिवस आला तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं. नखावर धरलं तर दिसेल न दिसेल एवढा काळा ठिपका. तो जिजीनं फडक्याला पुसून टाकला. बायका पोरं घेऊन आपापल्या घरी गेल्या. श्रावण कधीच संपला होता, उन्हाला भाद्रपदाचा जडपणा आला होता. ओट्यावर आम्ही दोघीच. माझी मुलगी जिजीच्या मांडीवर उभी राहून तिच्या कपाळावरचं कुंकू नखानं उकरत होती.

“बाई,” जिजी म्हणाली, “तू शिकेल शे. खरं सांग.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “मन्हा पोऱ्याले मी दोन वरीस दिन्ही. झाडले झोयी बांधू, गोयी देऊ, अनं खेतमा जाऊ. त्यान्हामुयेच त्याले हाई याड लागनं का? मन्हाच हातघाई?”

तू शिकलेली आहेस, खरं सांग. माझ्या मुलाला मी दोन वर्षं अफू दिली. झाडाला झोळी बांधायची, गोळी द्यायची आणि शेतात राबायला जायचं. त्यामुळंच त्याला हे वेड लागलं का? माझ्याच हातानं?

“नाही,” मी म्हणाले.

“कशावरथीन?”

“डॉक्टर म्हणाले. मी विचारलं होतं त्यांना.”

मी विचारलं नव्हतं. महिनाभर पाटी घेऊन त्यांच्या दारात जात होते, प्रश्न ओठांवर यायचा आणि मी तसाच गिळायची. विचारायची छाती झाली नाही, पुढंही कधी झाली नाही. जिजी वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, किती तरी वेळ. मला वाटलं, हिला कळलं. तेवढ्यात मुलगी तिच्या मांडीवर धपकन बसली आणि खिदळली. जिजीनं तिला उचलून माझ्या हातांत दिलं.

“नही ना?” तिनं पुन्हा विचारलं.

“नाही, जिजी. नाही.” मुलीला घट्ट धरून मी म्हणत राहिले. ते ‘नाही’ खरं असायला हवं होतं, आणि मला ते तिच्याइतकंच हवं होतं.